ब्रशच्या जाड फटकाऱ्यांचा जुन्या धाटणीचा देवनागरी शीर्षक-फॉन्ट कसा घडवावा

भरलेल्या ब्रशने एका दमात लिहिल्यासारखी, किंचित उजवीकडे झुकलेली, ठसठशीत अक्षरे ज्यात असतात आणि जो केवळ शीर्षके, फलक, वेष्टने, मुखपृष्ठे अशा मोठ्या आकाराच्या कामांसाठीच वापरायचा असतो, अशा फॉन्टची घडण या लेखात टप्प्याटप्प्याने मांडली आहे. रोमन लिपीत या प्रकाराला विसाव्या शतकाच्या मध्यात बहर आला. रॉबर्ट स्मिथ यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी केलेला ‘ब्रश स्क्रिप्ट’ १९४२ मध्ये आला. फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफाँ यांचा ‘मिस्त्राल’ १९५३ मध्ये आणि त्याहून कितीतरी जाड व दांडगा ‘शॉक’ १९५५ मध्ये आला. वाहत्या, सलग लिखाणाचा आभास देणाऱ्या अशा टाइपांपुढचा मुख्य प्रश्न जोडाचा होता. धातूच्या खिळ्याला, म्हणजे छपाईच्या एकेका अक्षराच्या सुट्या ठोकळ्याला, चौकोनी कडा असतात, त्यामुळे सुटे खिळे शेजारी ठेवल्यावर लिखाण सलग दिसावे असे वाटत असेल, तर जोडणारी रेघ प्रत्येक खिळ्याच्या कडेवर नेमक्या त्याच उंचीला आणि नेमक्या त्याच जाडीने आणून सोडावी लागे.

देवनागरीत हा जोड तळाशी नसून माथ्यावर, शिरोरेषेत आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, असा फॉन्ट करताना पहिला निर्णय ‘क’ किंवा ‘ग’ कसा दिसावा हा नसून शिरोरेषा कशी वागावी हा असला पाहिजे. पुष्कळ जण सुंदर सुटी अक्षरे आधी लिहितात आणि वर पट्टी ओढल्यासारखी शिरोरेषा मागाहून चिकटवतात. मग खालचे अक्षर ब्रशचे आणि वरची रेघ यंत्राची दिसते, आणि ती विसंगती पुढे कितीही डागडुजी केली तरी जात नाही.

शिरोरेषेचा निर्णय

येथे तीन मार्ग आहेत. पहिला, सबंध शब्दावर अखंड, एकसारखी रेघ. दुसरा, प्रत्येक अक्षराला ब्रशचा स्वतःचा आडवा फटकारा, जो शेजारच्या फटकाऱ्यात मिसळतो. तिसरा, शिरोरेषा पूर्णपणे गाळणे. तिसरा मार्ग गुजराती लिपीच्या वळणाजवळ जाणारा आणि मोहक वाटतो, पण त्याची किंमत मोठी आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्या वाचताना डोळा शिरोरेषेतल्या तुटीचा मोठा आधार घेतो. ती रेषाच नसेल, तर ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या सुरुवातीची गाठ ठळक आणि उघडी ठेवल्याशिवाय शब्द ओळखू येत नाही, आणि जाड ब्रशमध्ये अशी गाठ उघडी ठेवणे फार कठीण असते.

माझी पसंती दुसऱ्या मार्गाला आहे. या मार्गात फटकाऱ्याची वरची कड जवळपास सरळ ठेवावी आणि खालच्या कडेला ब्रशचा हेलकावा येऊ द्यावा. कडेला मात्र स्वातंत्र्य घेऊ नये: अक्षराच्या डाव्या आणि उजव्या सीमेवर शिरोरेषेची उंची आणि जाडी सर्व अक्षरांत तंतोतंत सारखी असावी, आणि मधल्या भागात ती हवी तशी फुगावी किंवा आटावी. शिरोरेषेची जाडी उभ्या दंडापेक्षा कमी, साधारण पाऊण असावी. दोन्ही सारख्या जाडीच्या केल्या तर शब्द वरून जड होतो आणि अक्षरांची ओळख पटवणारे खालचे आकार दबून जातात.

ब्रश, रंग आणि कागद

या प्रकारासाठी गोल, टोकदार आणि पोटात भरपूर रंग धरणारा ब्रश घ्यावा. बोरूने किंवा चपट्या ब्रशने लिहिताना रेघेची जाडी हात कोणत्या दिशेने जातो यावर ठरते. टोकदार ब्रशमध्ये ती दाबावर ठरते. जुन्या धाटणीच्या ब्रश-लिपीची सगळी चव या दाबाच्या चढउतारात आहे: खाली येताना दाब, वर जाताना उचल, वळणावर क्षणभर थांबणे आणि शेवटी सपकन सुटणे. बारीक टोकाने सांगाडा लिहून तो मागाहून सॉफ्टवेअरमध्ये जाड केला, तर हा चढउतार येत नाही, कारण तशी जाडी रेघेच्या दोन्ही बाजूंनी सर्वत्र सारखीच वाढते. जाडी मुळातच ब्रशच्या पोटातून आली पाहिजे.

कागद गुळगुळीत असावा. खरखरीत कागदावर कडा फाटतात आणि सुक्या ब्रशचा पोत उमटतो, जो कधी हवा असतो, कधी नको असतो. हा निर्णयही आधीच घ्यावा, कारण स्वच्छ कडांचा फॉन्ट आणि पोत असलेला फॉन्ट ही दोन वेगळी कामे आहेत. पोताच्या फॉन्टमध्ये एकच ‘र’ एका शब्दात दोनदा आला आणि दोन्ही ठिकाणी कोरड्या केसांच्या रेघा हुबेहूब तशाच दिसल्या, तर हाताने लिहिल्याचा आभास तत्काळ मोडतो. त्यासाठी ‘र’, ‘न’, ‘त’, ‘य’ आणि काना अशा वारंवार येणाऱ्या आकारांच्या दोन-तीन आवृत्त्या आणि त्या आळीपाळीने वापरणारे नियम लागतात. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने स्वच्छ कडा निवडाव्यात असे मी सुचवेन.

रंग पोस्टर रंगाइतका दाट, पण ब्रशमधून अडथळ्याविना उतरेल इतका पातळ करावा. अक्षर शिरोरेषेपासून तळापर्यंत सहा-सात सेंटिमीटर उंचीचे काढावे, म्हणजे लिखाण मनगटातून न येता खांद्यातून येते. सुटी अक्षरे न लिहिता शब्द लिहावेत. ‘वारा’, ‘नवल’, ‘कमान’, ‘पावसाळा’ असे शब्द पुन्हा पुन्हा लिहून त्यांतील सर्वांत सहज उतरलेली अक्षरे बाजूला काढावीत. सुटे लिहिलेले अक्षर नेहमी थोडे रुंद आणि सावध येते. शब्दातले अक्षर शेजाऱ्याला जागा देत येते, आणि आपल्याला तेच हवे असते.

जाडी, झुकाव आणि पोकळी

आता मापे ठरवावीत. फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये एक एम (फॉन्टच्या आकाराचा मूळ चौकोन) म्हणजे बहुधा १००० एकके धरतात. त्यात तळरेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे ५८० एकके, उभ्या दंडाची जाडी १४० ते १५०, शिरोरेषेची जाडी १०५ ते ११०, वर मात्रांसाठी ८८० पर्यंत आणि खाली उकारांसाठी उणे ३२० पर्यंत जागा, असा आराखडा सुरुवातीला चांगला चालतो. दंड म्हणजे उंचीचा पाव भाग, एवढे प्रमाण ठसठशीत दिसते आणि तरी अक्षराच्या आत उजेड राहतो.

हा उजेड, म्हणजे अक्षराची पोकळी, जाड फॉन्टमध्ये सर्वांत आधी धोक्यात येते. ‘व’ आणि ‘प’ निभावून जातात. ‘क्ष’, ‘ळ’, ‘छ’, ‘झ’, ‘ह’ आणि ‘ष’ बुजू लागतात. येथे सर्वत्र सारखी जाडी ठेवण्याचा हट्ट सोडावा. ज्या अक्षरात रेघा जास्त, तेथे आतल्या रेघा बारीक आणि बाहेरची मुख्य रेघ पूर्ण जाड ठेवावी. गोलाई दंडाला जेथे भिडते तेथे रेघ स्पष्टपणे निमुळती करावी. ब्रश तेथे नैसर्गिकपणेही उचलला जातो, त्यामुळे ही युक्ती कृत्रिम दिसत नाही, आणि सांध्यात काळा ठिपका साचत नाही. अक्षर पडद्यावर अगदी लहान करून पाहिल्यास कोणती पोकळी आधी बंद होते ते लगेच कळते.

रोमन ब्रश-लिपी पुष्कळदा बरीच तिरकी असते. देवनागरीत मात्र आठ ते बारा अंशांच्या पुढे जाऊ नये असे मला वाटते. शिरोरेषा आडवीच राहते आणि दंड जसजसे झुकतात, तसतशी वेलांटी व मात्रा आपल्या अक्षरावरून सरकून पुढच्या अक्षरावर बसल्यासारख्या दिसू लागतात. दुसरे असे की, सरळ अक्षर सॉफ्टवेअरने तिरके केले की गोलाई विकृत होते: एका कोपऱ्यात जाडी साठते, समोरच्या कोपऱ्यात आटते. झुकाव लिहितानाच यावा. कागदाखाली तिरक्या रेघांची चौकट ठेवली की हात आपोआप त्या कोनात स्थिरावतो.

अक्षरांचा क्रम

वर्णमालेच्या क्रमाने काम करू नये. आधी ‘न’, ‘व’, ‘र’, ‘क’, ‘ट’, ‘ड’ आणि काना एवढेच पूर्ण करावेत. ‘व’ मधून ‘ब’ आणि ‘क’ यांची गोलाई मिळते. ‘ट’ मधून ‘ठ’, ‘ढ’, ‘द’. ‘ड’ मधून ‘इ’, ‘झ’, ‘ह’ यांचे वळण. ‘र’ मधून ‘स’ आणि ‘ख’ यांचा डावा भाग. ‘प’ झाला की ‘ष’ आणि ‘फ’ जवळ येतात. ही कुळे सांभाळली तर फॉन्टचा स्वभाव एक राहतो. तरीही एका अक्षराचा तुकडा जसाच्या तसा दुसऱ्यात चिकटवण्याचा मोह आवरावा. ‘ब’ मध्ये आडवी रेघ येते, तेव्हा ‘व’ ची गोलाई थोडी मोठी करावीच लागते.

मराठीसाठीचे काही आकार सुरुवातीपासून यादीत असावेत: ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऑ’, तसेच ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ या शब्दांतला अर्धा र. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी छपाईतल्या वळणांहून वेगळी आहेत. दोन्ही काढून, मजकुराची भाषा मराठी असल्यास मराठी वळण आपोआप यावे असा नियम फॉन्टमध्ये ठेवता येतो. मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा योग्य नोंदलेली असतेच असे नाही. म्हणून फॉन्ट मुख्यतः मराठीसाठी असेल तर मराठी वळणच मूळ ठेवावे आणि हिंदी वळण पर्यायी करावे, हे अधिक खात्रीचे. ‘५’, ‘८’ आणि ‘९’ या अंकांच्या दोन-दोन वळणांबाबतही हाच विचार लागू आहे.

कागदावरून वक्ररेषांकडे

निवडलेली अक्षरे ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा मुक्त परवान्याचे फॉन्टफोर्ज यांपैकी एका सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीला ठेवावीत आणि त्यांवर हाताने वक्ररेषा काढाव्यात. स्वयंचलित ट्रेसिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच कडा आखणे, केवळ पोताच्या फॉन्टसाठी वापरावे. स्वच्छ कडांच्या कामात ते शेकडो अनावश्यक बिंदू टाकते आणि कड थरथरती होते. आकाराच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकांवर बिंदू ठेवावेत आणि त्यांमध्ये जितके कमी बिंदू लागतील तितके बरे. झुकलेल्या गोलाईत टोकाचे दोन बिंदू कधीकधी फार जवळ येतात आणि मध्ये खड्डा पडतो. तसे झाल्यास एक बिंदू काढून हँडलची (बिंदूपाशी वक्राचा कल ठरवणाऱ्या दांडीची) लांबी सुधारावी.

ब्रशच्या प्रत्येक थरथरीचे जतन करणे हा येथे उद्देश नाही. फटकाऱ्याचा आरंभ, पोट आणि सुटका या तीन जागा जपाव्यात आणि उरलेली कड निर्धास्तपणे गुळगुळीत करावी. फटकाऱ्यांची टोके मात्र सर्व अक्षरांत एका कुळातली हवीत: ‘र’ ची शेपटी टोकदार सुटत असेल आणि ‘क’ ची गोल थांबत असेल, तर एका शब्दात दोन ब्रश वापरल्यासारखे वाटते.

जोड आणि रुंदी

येथे खिळ्यांच्या काळापेक्षा आपल्याला एक मोठी सोय आहे: डिजिटल अक्षरे एकमेकांवर चढू शकतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या दोन्ही सीमांच्या पुढे सुमारे १५ एकके बाहेर काढावी, म्हणजे कोणत्याही आकारात शेजारच्या शिरोरेषांमध्ये केसाएवढीही फट दिसत नाही. ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या डाव्या बाजूला शिरोरेषा नसते, तेथे आधीच्या अक्षराची बाहेर आलेली रेघ त्या मोकळ्या जागेत घुसते. म्हणून या अक्षरांची डावी जागा थोडी अधिक ठेवावी.

झुकलेल्या अक्षराच्या सीमा शिरोरेषेच्या उंचीवर मोजाव्यात, तळावर मोजू नयेत. दोन दंड शेजारी आल्यास त्यांच्यात पडणारी पांढरी जागा हे अंतराचे मूळ माप धरावे आणि बाकीच्या जागा तिच्याशी ताडून पाहाव्यात. ‘र’, ‘ट’, ‘ड’, ‘द’ अशा दंड नसलेल्या अक्षरांच्या उजवीकडे आपोआप पोकळी साचते, तेव्हा त्यांची उजवी जागा कमी करावी. नंतर जोडी-जोडीने अंतर दुरुस्त करताना लक्षात ठेवावे की अंतर कमी केल्यास शिरोरेषा आणखी एकमेकांवर चढते, जे चालते. अंतर वाढवल्यास ती तुटते, जे चालत नाही. म्हणून मूळ रुंदी किंचित सैल ठेवून दुरुस्ती फक्त कमी करण्याच्या दिशेने करावी.

शब्दाच्या शेवटी शिरोरेषा कापल्यासारखी संपू नये, ब्रश उचलल्यासारखी संपावी. त्यासाठी पुढे देवनागरी अक्षर नसेल तेव्हा वेगळ्या टोकाची आवृत्ती येईल असा संदर्भानुसार पर्याय लिहावा. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी जाहीर केलेल्या ओपनटाइप पद्धतीत अशा नियमांची सोय आहे. शब्दाच्या आरंभीही तसेच करावे. या दोन टोकांमुळे फॉन्टमध्ये जो जिवंतपणा येतो, तो बाकीच्या बारीकसारीक अलंकारांनी येत नाही.

वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. ऱ्हस्व वेलांटीची कमान आपल्या अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचली पाहिजे. ‘रि’, ‘कि’ आणि ‘स्थि’ यांची रुंदी इतकी वेगळी आहे की एकाच वेलांटीने भागत नाही. किमान चार-पाच रुंदीच्या वेलांट्या काढून, पुढच्या अक्षरानुसार योग्य ती निवडणारे नियम लिहावेत. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवताना आकार देणारे सॉफ्टवेअर ती आधी आणते, त्यामुळे नियम दिसणाऱ्या क्रमाने लिहायचे आहेत हे ध्यानात ठेवावे.

मात्रा, रफार आणि अनुस्वार यांच्यासाठी प्रत्येक अक्षरावर टेकणबिंदू, म्हणजे ते चिन्ह नेमके कोठे बसावे याची खूण, ठेवावा लागतो. जाड ब्रशमध्ये हे तीन आकार एकत्र आले की वर गर्दी होते. ‘र्के’, ‘र्कीं’, ‘र्कैं’ असे संयोग स्वतंत्र आकार म्हणून काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. अनुस्वाराचा ठिपका पूर्ण गोल न करता ब्रशच्या टेकवणीसारखा किंचित तिरका ठेवावा, आणि तो शिरोरेषेच्या जाडीपेक्षा मोठा असावा, नाहीतर लांबून दिसतच नाही.

खाली ‘रु’ आणि ‘रू’, ‘हृ’, ‘दृ’, ‘द्रु’ हे नेहमीच वेगळे आकार मागतात. जोडाक्षरांमध्ये अर्ध्या रूपांनी बरेच काम होते, कारण दंड काढून टाकला की अर्धे अक्षर मिळते. परंतु ‘क्त’, ‘त्त’, ‘श्र’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘द्य’, ‘द्व’, ‘ह्म’, ‘ट्ट’, ‘ष्ट’ हे स्वतंत्रपणे लिहूनच घ्यावेत, आणि तेही ब्रशनेच. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांच्यासारख्या खाली उतरणाऱ्या जोडाक्षरांत जाडी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी केल्याशिवाय गत्यंतर नसते. दुर्मिळ जोडाक्षरे उभ्या रचनेत कोंबण्यापेक्षा हलंत देऊन सोडावीत. शीर्षकात वाचनीयता महत्त्वाची.

शेपट्या आणि छाया

जुन्या धाटणीच्या रोमन फलकांवर शेवटच्या अक्षरातून निघून शब्दाखालून परत फिरणारी लांब शेपटी दिसते. देवनागरीत तिची नैसर्गिक उगमस्थाने मोजकीच आहेत: ‘र’ चा तळ, ‘क’ चा उजवा हात, दीर्घ उकार आणि शब्दाअखेरचा काना. शेपटी नेहमी पर्यायी ठेवावी, आपोआप येऊ देऊ नये, आणि खाली उकार किंवा ‘्र’ आल्यास तिची कमान त्यांना छेदणार नाही एवढी खोल असावी. एका शब्दात एकच शेपटी पुरते.

छायेसाठी त्याच फॉन्टची दुसरी फाइल करता येते. मूळ अक्षरांच्या मागे दुसऱ्या रंगात ती ठेवली की ठळक उठाव येतो. दोन्ही फाइलींमध्ये अक्षरांच्या रुंदी, अंतरदुरुस्त्या आणि सर्व पर्यायी नियम एकसारखेच असले पाहिजेत, नाहीतर एखाद्या शब्दात अर्ध्यावरच छाया सरकलेली दिसते. अक्षरे उजवीकडे झुकलेली असल्यामुळे छाया खाली-डावीकडे पाडल्यास दंडांच्या कडा अधिक मोकळ्या दिसतात. ती पोकळ्यांत शिरणार नाही एवढीच खोल ठेवावी.

चाचणी, मांडणी आणि फाइल

फॉन्टची तपासणी वर्णमाला छापून होत नाही. ‘उत्कृष्ट’, ‘मुक्काम’, ‘दुर्दैवी’, ‘स्थितप्रज्ञ’, ‘शृंगार’, ‘हृदय’, ‘तऱ्हा’, ‘बुद्धिमत्ता’, ‘टिकाऊ’, ‘अर्धांगी’, ‘वेळापत्रक’ असे शब्द मोठ्या आकारात कागदावर छापून भिंतीवर लावावेत आणि लांबून पाहावेत. जेथे काळा डाग दिसतो तेथे जाडी कमी करावी. जेथे शब्द तुटल्यासारखा वाटतो तेथे जागा कमी करावी. नंतर हेच शब्द निदान दोन-तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाहावेत, कारण वेलांटीचे आणि रफाराचे नियम एका ठिकाणी चालतात आणि दुसरीकडे अडखळतात.

वापरणाऱ्यासाठी फाइलसोबत थोडक्यात सूचना द्याव्यात. ३६ पॉइंटांच्या खाली हा फॉन्ट वापरू नये. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते. सॉफ्टवेअरचे कृत्रिम जाड किंवा तिरके बटण दाबू नये. बाह्यरेषा द्यायची असल्यास आधी मजकुराचे वक्ररेषांत रूपांतर करून सर्व आकार एकसंध करावेत, नाहीतर एकमेकांवर चढलेल्या शिरोरेषांचे सांधे बाह्यरेषेत उघडे पडतात. अर्धपारदर्शक रंगातही तोच दोष दिसू शकतो. दोन ओळींचे शीर्षक असल्यास ओळींमधले अंतर आकड्याने न ठरवता डोळ्याने ठरवावे: वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रा नसलेल्या जागांवर आले, तर ओळी पुष्कळ जवळ आणता येतात आणि शीर्षक एकजीव दिसते. सोबतचा लहान मजकूर साध्या, सरळ, एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये असावा.

छपाईसाठी ओटीएफ किंवा टीटीएफ आणि वेबसाठी वॉफ२ अशा फाइली काढाव्यात. वेबवरचे वजन कमी करण्यासाठी फॉन्टमधून न लागणारी अक्षरे छाटली जातात, तेव्हा छाटणीचे साधन जोडाक्षरांचे आकार आणि नियमही राखते आहे ना, हे पाहावे. ते आकार युनिकोडच्या यादीत स्वतंत्र नसतात, त्यामुळे निष्काळजी छाटणीत सर्वांत आधी तेच गळतात आणि पडद्यावर ‘क्त’ च्या जागी हलंत ‘क्’ आणि सुटा ‘त’ उमटतो. छाटलेली फाइल म्हणून पुन्हा वरच्या सगळ्या शब्दांवर, आणि विशेषतः मोबाइलच्या ब्राउझरमध्ये, तपासूनच प्रसिद्ध करावी.